लेझरचा बूम आणि १५:१ किकर : किट घ्यावं का?

लेझर, म्हणजे आताची इल्का (ILCA), ही एकट्याने हाकायची छोटी शिडाची बोट १९९६ च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये आहे. भारताच्या विष्णू सरवणनने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत कांस्यपदक घेतलं, ते हिच्याच इल्का ७ प्रकारात. इल्का ४, ६ आणि ७ यांची शिडं ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटरची. शिडाबरोबर डोलकाठीचा खालचा तुकडा बदलतो, बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) मात्र तिन्हींना एकच. त्यामुळे एकदा घेतलेलं १५:१ किकरचं किट शीड बदललं तरी वाया जात नाही. किकर म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी-कप्प्यांची जोडणी; १५:१ म्हणजे हाताचा जोर पंधरापट होतो.

किट घ्यावं का? बोटीवर अजून जुना ३:१ किकर असेल तर जरूर. पण त्याआधी दोन फुकटची कामं करा. पहिलं ट्रॅव्हलरचं: ही टिलरवरून (सुकाणूच्या दांड्यावरून) आडवी जाणारी दोरी तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणलेली हवी. ढिली राहिली की तिच्यावरचा ब्लॉक (कप्पी) मधोमध सरकून वर उचलला जातो आणि मेनशीट (बूम आत ओढायची मुख्य दोरी) कितीही ओढलं तरी बूम खाली येत नाही. दुसरं काम क्ल्यूचं, म्हणजे शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याचं. हा कोपरा पट्ट्याने किंवा दोरीने बूमला चिकटून बांधा. तो फक्त पुढेमागे सरकला पाहिजे. बोटभर जरी वर उठला तरी आउटहॉलचा (क्ल्यू मागे ओढणाऱ्या दोरीचा) बराचसा जोर फुकट जातो. या दोन्हींकडे लक्ष न देता महागडे ब्लॉक लावलेल्या बोटी कमी नाहीत.

आता किकर. जुन्या ३:१ मध्ये आधी मेनशीटने बूम खाली ओढायचा आणि किकरने नुसता ढिलेपणा काढायचा. १५:१ मध्ये किकर थेट ओढता येतो, आणि जोराच्या वाऱ्यात एका झटक्यात सोडताही येतो. खरी किंमत या सोडण्याची आहे. मात्र १ सेंटिमीटर हालचालीला १५ सेंटिमीटर दोरी लागते. ४ सेंटिमीटर सोडलात की ६० सेंटिमीटर दोरी कॉकपिटमध्ये येते आणि मेनशीटशी गुंतते. बूम काटकोनात बाहेर ठेवून किकर लागेल तेवढा सोडा आणि दोरीवर तिथेच अडथळ्याची गाठ मारा.

दुसरी खोड किल्लीची. किकर बूमच्या खाचेत एका किल्लीने अडकतो. ताण नसला की ती निसटते: किनाऱ्यावर जुळवाजुळव करताना, किंवा बोट उलटल्यावर. बूमभोवती पातळ इलॅस्टिक घेऊन किल्ली धरून ठेवली की काम भागतं.

जुळणी नेहमी बोट वाऱ्याच्या तोंडाला ठेवून. आधी गूजनेक (बूम डोलकाठीला जोडणारा सांधा), मग क्ल्यू आणि आउटहॉल, मग किकर. मेनशीट सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर बूम मोकळा डुलतो आणि डोक्यात बसत नाही. (नवशिक्यांसाठी: शीड म्हणजे कापड, शीट म्हणजे दोरी. मराठी माणसाची इथे हमखास गल्लत होते.) मेनशीट बूमच्या मागच्या ब्लॉकच्या कडीला बांधा. तिथून खाली ट्रॅव्हलरच्या ब्लॉकमधून, परत वर मागच्या ब्लॉकमधून, बूमखालच्या पट्टीतून पुढच्या ब्लॉकमध्ये, आणि खाली रॅचेट ब्लॉकमध्ये (एकाच दिशेने सहज फिरणाऱ्या कप्पीत). ओढताना रॅचेट टिकटिकला नाही तर दोरी उलटी घातली आहे, किंवा त्याचं बटण बंद आहे.

सुरुवातीची मापं: आउटहॉल असा की शिडाचा तळ आणि बूम यांच्यात सर्वात खोल जागी अंगठा ते करंगळी वीतभर अंतर राहील, वारा वाढला की कमी करा. किकरसाठी मेनशीट ओढून मागचे दोन्ही ब्लॉक एकमेकांना टेकवा आणि किकरचा फक्त ढिलेपणा काढा. वारा पाठीशी असताना किकर फार आवळला तर बूमचं टोक पाण्यात घुसून बोट उलटते. फार सोडला तर शिडाचा वरचा भाग पिळून पुढे झुकतो, बोट वाऱ्याच्या बाजूला लोळू लागते आणि कोसळते. जाइबच्या (वारा पाठीशी ठेवून शीड दुसऱ्या बाजूला नेण्याच्या) आधी किकर थोडा सोडलेला बरा. बूम उंच राहतो, डोकं वाचतं.

न लांबणाऱ्या डायनीमाच्या (एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्या मुख्य भागाला लावा. हाताने ओढायच्या टोकाला ५-६ मिलिमीटरची पॉलिएस्टर आवरणाची दोरी. त्याहून बारीक घेतली तर क्लीटमध्ये (दोरी अडकवून धरणाऱ्या पकडीत) घसरते आणि बोटंही कापते.

खारं पाणी ॲल्युमिनियमला स्टीलच्या रिव्हेटपाशी खातं. प्रत्येक फेरीनंतर बूम गोड्या पाण्याने आतूनबाहेरून धुवा आणि किकरच्या खाचेजवळच्या रिव्हेटवर पांढरी भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर आसपास नखाने चिरा चाचपा. चीर लागली तर त्या बूमवर नवं किट बसवू नका.