पहिल्या लॉटची हायब्रिड की शेवटच्या लॉटची पेट्रोल? गोव्यातल्या माणसाने काय घ्यावं

फोंडा-मडगाव पट्ट्यात गाडीवेडी मंडळी जमली की सध्या वाद एकच. पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या नव्या हायब्रिड सुपरकार भरवशाच्या आहेत का? एक बाजू म्हणते, चाकं लावलेला कॉम्प्युटर हवाय कुणाला? दुसरी म्हणते, पहिल्या वर्षी कुठली गाडी रडत नाही? दोन्हीकडे आवाज मोठे, पण खिशात हात घालणारे थोडे. मला घालायचा होता, म्हणून जरा खोलात जावं लागलं.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक, नव्या पिढीची प्लग-इन, म्हणजे भिंतीतल्या प्लगवर चार्ज होणारी हायब्रिड, बुकिंग करून, पहिल्या काही लॉटमधली. दुसरी, तिच्या आधीच्या पिढीतली वापरलेली पेट्रोल: दहा सिलिंडर, टर्बो नाही, एकच मालक. नाव सांगत नाही, आवाजावरून ओळखणारे ओळखतील. अश्वशक्ती आणि शून्य-ते-शंभरचे आकडे सोडून देतो. तुम्हाला ते पाठ असणार, आणि आपल्या रस्त्यांवर दोन्ही गाड्या गरजेपेक्षा जास्तच आहेत.

पहिल्या लॉटचं दुखणं म्हणजे नेमकं काय, ते मॅकलारेन आर्टुरावरून चांगलं कळतं. फेब्रुवारी 2021 मध्ये गाडी जगाला दाखवली, गिऱ्हाइकांच्या हाती पडायला 2022 निम्मं सरलं. चॅसी म्हणजे सांगाडा नवा, सहा सिलिंडरचं व्ही-सिक्स इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, वायरिंगची रचनासुद्धा नवी. एवढ्या नव्या गोष्टी एका गाडीत पहिल्यांदाच शेजारी बसल्या की कुरबूर होणारच. मग 2023 च्या सुरुवातीला अमेरिकेत 164 आर्टुरा परत बोलावल्या गेल्या. उच्च दाबाच्या इंधन नळीचे नट सैल होऊन पेट्रोल गळण्याची आणि आग लागण्याची शक्यता होती. म्हणजे बघा, ‘हायब्रिड आहे म्हणून बिघडते’ असं ज्या गाडीबद्दल बोललं गेलं, तिला परत बोलवायची वेळ बॅटरीमुळे नाही, साध्या पेट्रोलच्या नळीमुळे आली. वादात हे कुणी सांगत नाही.

आणि त्याच गाडीची दुसरी बाजूही आहे. 2024 मध्ये कंपनीने ताकद 680 वरून 700 अश्वशक्तीवर नेली आणि जुन्या मालकांनाही ती वाढ फुकटात देऊ केली. दोन वर्षं थांबलेल्यांना निवांत, सुधारलेली गाडी मिळाली. घाई केलेल्यांना बक्षीस मिळालं खरं, पण मधली दोन वर्षं त्यांची ती त्यांनाच माहीत. फेरारीने तर हायब्रिडसाठी अशी वाढीव वॉरंटी काढली आहे, जिच्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी मोठी बॅटरीच बदलून मिळते. मला हा प्रकार प्रामाणिक वाटतो. बॅटरी म्हातारी होणार हे कंपनीने मान्य करून तिच्या निवृत्तीची तारीखच काढून ठेवली.

तेव्हा ‘हायब्रिड टिकत नाही’ या ओरडीवर माझा फारसा विश्वास नाही. चालवायला तर ती मला मनापासून आवडली. माझ्या भावोजींकडे एक आहे. कंपनीचं नाव राहू दे. त्यांचा धंदा दुबईत, पावसाळ्यात ते तिकडेच असतात. त्यांच्या वास्कोच्या इमारतीत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं, म्हणून गाडी आमच्या फोंड्याच्या घरी येऊन राहते, आणि ‘अधूनमधून फिरव रे’ एवढं सांगून ते निघून जातात. चोर्ला घाटात वळणातून बाहेर पडताना इलेक्ट्रिक मोटर जो आधी धक्का देते आणि मागून टर्बो जागे होतात, त्याची सर पेट्रोलला येत नाही. पहाटे पाचला वाड्यातून आवाज न करता सटकता येतं. माझ्या पेट्रोलला चावी लावली की पलीकडच्या घरातली कुत्रीसुद्धा उठतात, आणि मग दुपारी देवळात कुणी ना कुणी ऐकवतंच. पणजीत, पाटोच्या गर्दीत, हायब्रिड मुकाट्याने सरकते. दहा सिलिंडरची गाडी तिथे नुसती तापत बसते. इतक्या गोष्टी हायब्रिडच्या बाजूने आहेत, आणि मी त्या नाकारत नाही.

पण गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत अशी गाडी घरीच उभी असते. मग चालताना ती कशी आहे यापेक्षा उभी असताना कशी आहे, हाच प्रश्न मोठा होतो.

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॅटरी चाकं फिरवते आणि छोटी, बारा व्होल्टची, बाकी सगळं जागं ठेवते. छोटी बसली की मोठीचे आतले रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडलेच जात नाहीत. मोठी काठोकाठ भरलेली का असेना, उपयोग शून्य. तिजोरी भरलेली आणि किल्ली हरवलेली, तशातली गत. छोटीला जिवंत ठेवायला चार्जर लावून ठेवायचा असतो, आणि चार्जरला वीज हवी. आमच्याकडे पावसाळ्यात माडाचं चुडत तारेवर पडलं की वीज जाते, येते, पुन्हा जाते. आली तरी गॅरेजचा ट्रिप स्विच खाली पडलेलाच असतो, हे लक्षात यायला कुणीतरी तिथे जावं लागतं.

चवथीच्या आधी तसंच झालं. मी काही दिवस बाहेर होतो. परत येऊन बघतो तर चार्जरचा हिरवा दिवा विझलेला. दाराची मूठ बाहेर येईना. रिमोटच्या पोटात लपवलेली धातूची चावी काढून, मुठीखालचं झाकण नखाने उचकटून दार उघडलं. स्क्रीन काळी. बाहेरून बारा व्होल्ट जोडले, तेव्हा गाडी एकदम पाच-सहा इशारे दाखवत उठली: ब्रेक बघा, गिअरबॉक्स बघा, हायब्रिड सिस्टिम बघा. पण ‘रेडी’ काही येईना.

ज्याने मला खरं पटवलं ते याच्या पुढे आहे. अशा बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सचा गिअरच नसतो. आर्टुरा, फेरारी एसएफ-90, लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो, सगळ्या मोटर उलटी फिरवून मागे येतात. वजन वाचतं, कल्पना हुशारीची आहे. पण भावोजींची गाडी आमच्या गॅरेजमध्ये तोंड आत करून उभी होती. मोटर जागी होत नाही म्हणून रिव्हर्स नाही. गाडी पूर्ण शुद्धीवर नाही म्हणून न्यूट्रलही नाही. समोर भिंत. घरात चार दांडगे पुतणे आहेत, पण ढकलणार काय? फोंड्यातला आमचा मेकॅनिक आला. जुन्या गाड्यांत त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याने बॉनेटखालच्या नारिंगी केबल्स पाहिल्या, हात मागे घेतला आणि म्हणाला, ‘पात्रांव, हांव लायना हात.’ म्हणजे, मालक, मी काही हात लावत नाही. त्याला दोष देता येत नाही. त्या केबल्समधून शेकडो व्होल्ट जातात.

वर्कशॉपला फोन केला तर उत्तर सौजन्याचं, पण ठरलेलं: कशालाही हात लावू नका, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) पाठवतो. वर्कशॉप मुंबईत. गोव्यात या वर्गाच्या गाडीचं अधिकृत वर्कशॉप नाही, आणि एनएच-66 ने मुंबई साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. पाऊस, खड्डे, त्यात चाकरमान्यांची चवथीची गर्दी. चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालून गाडी गॅरेजबाहेर काढली, तेव्हा सगळा वाडा बघायला जमला होता. गाडी गेली ती चवथ आटोपून बऱ्याच दिवसांनी परत आली. बिल पाहिलं तर एकही सुटा भाग बदललेला नव्हता. लॅपटॉप जोडून दोष पुसले, एक सॉफ्टवेअर नवं टाकलं, संपलं. म्हणजे बिघाड असा काही नव्हताच. मुंबईच्या मालकाकडे हेच काम कदाचित एका दुपारचं झालं असतं.

हा अनुभव एका गाडीचा, एका पावसाळ्याचा. नव्या लॉटमध्ये हे सुधारलंही असेल. काही गाड्यांत मोठी बॅटरी छोटीला मधूनमधून पाजते. ते तुमच्या गाडीत आहे का, हे विक्रेत्याला नक्की विचारा.

पेट्रोल म्हणजे निर्दोष, असंही नाही. पंपावर आता ई-20 मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. ज्या काळात ही गाडी बनली तेव्हा वीस टक्के इथेनॉल कुणाच्या गणतीत नव्हतं. म्हणून पावसाळ्याआधी मी टाकी काठोकाठ भरतो, म्हणजे आत ओल्या हवेला जागा उरत नाही. पाऊस उघडला की गाडी चांगली गरम होईपर्यंत फिरवतो. बारा व्होल्टची बॅटरी याही गाडीत बसते. फरक एवढाच की ती बसली तर दुसरी बॅटरी जोडतो, इंजिन एकदाचं गुरगुरतं, रिव्हर्सचा गिअर पडतो, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजबाहेर येते. फोंड्यातला तोच मेकॅनिक न घाबरता हात लावतो. सुटे भाग महाग आहेत, पण त्यांच्या खोड्या एव्हाना जगाला माहीत झाल्या आहेत.

जमिनीला टेकणाऱ्या नाकाचा त्रास मात्र दोन्हींना सारखा. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या उतारावर कुठलीच नेऊ नका.

तुम्ही मुंबई-पुण्यात राहत असाल, किंवा घरी इन्व्हर्टरवरचं गॅरेज आणि रोज डोकावणारं माणूस असेल, तर हायब्रिड खुशाल घ्या. तीही पहिल्या वर्षाची नको, दोन वर्षं जुनी झालेली, सगळे अपडेट झालेली. घाटात ती तुम्हाला जास्त आनंद देईल, यात मला शंका नाही. पण गाडी गोव्यात राहणार असेल आणि तुम्ही माझ्यासारखे महिन्यातून आठवडाभर बाहेर असाल, तर माझा कल पेट्रोलकडे आहे, आणि पैसेही मी तिथेच घातले. भावोजींना हे पटलेलं नाही. त्यांनी पुढच्या हायब्रिडचं बुकिंग केलं आहे. फक्त या वेळी गोव्याहून मुंबईपर्यंतच्या फ्लॅटबेडचा खर्च कोण उचलणार, हे त्यांनी विक्रेत्याकडून लेखी घेतलं, आणि गाडी आमच्याकडे लावताना मागची बाजू आत करून लावायची, हे माझ्याशी तोंडी ठरलं आहे.