मुलाकडे न्यू जर्सीला, लेकीकडे दुबईला, की धुळ्यातच? दुपारी अकरा ते चारचा हिशोब

आमच्या देवपुरातले शेजारचे सर मे अखेरीस निवृत्त झाले. सत्काराच्या शालीची घडी मोडायच्या आत दोन्हीकडून फोन सुरू. मुलगा न्यू जर्सीत, तो म्हणतो सहा महिने या. मुलगी दुबईत, ती म्हणते आधी माझ्याकडे. काकू आमच्या हिला थंडीच्या कपड्यांचं विचारून गेल्या. सर मात्र पांझरेकाठी फिरताना आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हणाले, "तठे दिनभर काय करतस भाऊ?"

खरा प्रश्न हाच आहे आणि तो कोणी उघड विचारत नाही. तिकीट मुलं काढतात, व्हिसाचे कागद एजंट भरून देतो, पण दिवस आपला आपल्यालाच ढकलावा लागतो. मी अमेरिकेत दोनदा राहून आलो, दोन्ही वेळा साडेपाच महिने. दुबईत एकदा, दोन महिने. इंग्लंडचं साडूंकडून ऐकलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडंच सांगेन. आणि धुळ्यात तर जन्म गेला.

आधीच एक सांगतो. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्यांनी हे वाचत बसू नये. त्यांना वेळ कसा जाईल हा प्रश्नच पडणार नाही, झोप कधी मिळेल हा पडेल.

बाकीच्यांनी घर किती मोठं, नोकरी कसली, हे बघू नये. सकाळ सगळीकडे बरी जाते. संध्याकाळी नातवंडं असतात. बघायची ती दुपार, अकरा ते चार. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, टीव्हीवरची मालिका कालचीच. त्या पाच तासांत कोणाला न विचारता, कोणाच्या गाडीची वाट न बघता, आपल्या पायांनी कुठे जाता येतं? मुलाला फोनवर हाच एक प्रश्न विचारा. "बाबा, तुम्ही काळजी करू नका, आपण शनिवारी फिरू" असं उत्तर आलं तर काळजी करा.

अमेरिका: एकच मुलगा, एकच राज्य, दोन वेगळे अनुभव

पहिल्या खेपेला आम्ही ऑक्टोबरात गेलो, दिवाळी नातवाबरोबर म्हणून. चूक तिथेच झाली. डिसेंबरात तिकडे साडेचारला सूर्य मावळतो. दुपारचा चहा संपला की रात्र. मुलाचं घर सुंदर, मागे झाडी, पण पुढचा फूटपाथ कोपऱ्यावर संपायचा. त्यापुढे नुसता रस्ता आणि सुसाट गाड्या. किराणा दुकान चार किलोमीटरवर. एकदा मी हट्टाने कडेकडेने चालत निघालो, तर एका बाईंनी गाडी थांबवून विचारलं, तुम्हाला काही मदत हवी आहे का? चालणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस, असा तिथला समज. फेब्रुवारीपर्यंत माझा दिवसातला मोठा कार्यक्रम म्हणजे खिडकीतून टपालाची गाडी येताना बघणं. हिला तेवढंही नव्हतं.

त्यात घड्याळाची गंमत. तुमचे ते रिकामे तास असतात, तेव्हा धुळं जेवून झोपायला निघालेलं असतं. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहाचा. दुपारी बारा-एकला फोन करावा तर इकडचा माणूस जांभया देत बोलतो.

दुसऱ्या खेपेपर्यंत मुलाने एडिसनजवळ घर बदललं होतं, ओक ट्री रोड पायी पंधरा मिनिटांवर. आणि आम्ही मेमध्ये गेलो. तोच मुलगा, तेच राज्य, पण दिवस कुठे गेले कळलं नाही. त्या रस्त्यावर किराणा, साड्या, मिठाई, पान, सगळं आपलं. जून-जुलैत साडेआठपर्यंत उजेड. बागेत रोज सकाळी दहा-बारा आजोबा: गुजराती, तेलुगू, पंजाबी, एक तमिळ आणि मी. हिंदी सगळ्यांचीच मोडकी, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही. विषय ठरलेले: गुडघे, सुना, भारतातल्या घराचा भाडेकरू.

दुपारसाठी मात्र खरा आधार सार्वजनिक वाचनालयाचा. तिथलं कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा लागतो, पण नुसतं आत बसून वाचायला कोणी अडवत नाही. थंडगार हॉल, आरामखुर्ची, स्वच्छ स्वच्छतागृह. बऱ्याच वाचनालयांत परदेशी लोकांसाठी इंग्रजी बोलण्याचे वर्ग असतात, तेही फुकट. आमच्या वर्गात एक चिनी आजी होत्या. तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेला मी, त्यांच्यासमोर माझं तोंड उघडेना आणि त्या बिनधास्त चुकत बोलायच्या. शेवटी त्यांनीच मला बोलतं केलं.

तिकडच्या मराठी मंडळांचं मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, दर दोन वर्षांनी मोठं अधिवेशन भरतं. गावोगावच्या मंडळांचे गणपती, दिवाळी, नाटकं असतात. चांगलं आहे, जावं. पण ते शनिवार-रविवारचं आणि गाडीने जायचं. मंगळवारच्या दुपारला मंडळ उपयोगी पडत नाही.

एक सावधगिरी. पाहुण्याच्या व्हिसावर पैसे घेऊन कुठलंच काम चालत नाही. ओळखीतल्या एक काकू शेजारच्यांचं मूल तासाप्रमाणे सांभाळायच्या, एक डबे द्यायच्या. वेळही जातो आणि डॉलरही मिळतात, असं त्या सांगतात. हे नियमात बसत नाही. आपल्या नातवाला सांभाळा, ते वेगळं.

वांग्याच्या भरताचीही गोष्ट सांगतो, कारण तिने आमचे दोन आठवडे खाल्ले. आपल्याकडे भरीत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं. तिकडे हिने गॅसवर वांगी ठेवली आणि छतावरचं धुराचं यंत्र असं कोकलायला लागलं की नातू कानांवर हात ठेवून अंगणात पळाला. मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालतोय, ही वांगी उलटतेय, यंत्र थांबेना. मग मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीवर प्रयोग सुरू झाले. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून तेल. शेजारचा अमेरिकन कुंपणावरून वास विचारायला आला आणि वाटी घेऊन गेला. त्यानंतर दर रविवारी तो आपली वांगी घेऊन यायचा.

दुबई: जायला जागा भरपूर, बरोबरीचं कोणी नाही

दुबईत पायांची अडचण नाही. मेट्रो २००९ पासून धावते, कार्ड दाखवलं की आत. मुलीचं घर स्टेशनजवळ होतं. आम्ही दोघं कोणाला न विचारता निघायचो. खाडी ओलांडायला लाकडी होडी असते, तिला अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम. बर दुबईतून बसायचं, पलीकडे देऱ्यात उतरायचं, मसाल्यांच्या गल्लीतून सोन्याच्या बाजारात. हिने दोन महिन्यांत त्या बाजाराच्या नऊ चकरा मारल्या आणि एक नथ घेतली. दुकानदार तिला नावाने ओळखायला लागले होते. वेळ घालवायचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही, नथ सोडली तर.

फोनचीही सोय. दीडच तासाचा फरक, धुळ्यात दहा वाजले की तिथे साडेआठ. भावाशी रोज बोलणं व्हायचं, अंगणात उभं राहून बोलावं तसं.

पण एक गोष्ट तिसऱ्या आठवड्यात लक्षात आली. तिथे म्हातारी माणसं दिसत नाहीत. राहायचा परवाना बहुतेकांचा नोकरीशी बांधलेला, नोकरी संपली की माणूस गावी परततो. रस्त्यात, मेट्रोत, बागेत सगळे कामाचे लोक, घाईत. गप्पा मारायला मिळाला तो इमारतीचा केरळी रखवालदार, तोही ड्युटी सांभाळून. एडिसनच्या बागेतला कट्टा दुबईत मला सापडला नाही. दोघांचं एकमेकांशी जमत असेल तर दुबई छान. नवरा-बायको दोन महिने फक्त एकमेकांशी बोलून राहू शकतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं. एकट्या राहिलेल्या माणसाला मी दुबई सुचवणार नाही.

ऋतूचं सांगायलाच नको. नोव्हेंबर ते मार्च हवा झकास. जून ते सप्टेंबर म्हणजे धुळ्याचा मे, वर दमटपणा. त्या दिवसांत जायचं असेल तर मॉलमधल्या फेऱ्यांची तयारी ठेवा. देवळासाठी जेबेल अलीला २०२२ मध्ये झालेलं मंदिर आहे, अबुधाबीचं मोठं स्वामीनारायण मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. दोन्हीकडे जायचं तर दिवस काढून.

इंग्लंड आणि कॅनडा, थोडक्यात

साडू लेस्टरला जातात. त्यांच्या मते इंग्लंड या दोघांपेक्षा बरं: फूटपाथ सगळीकडे, बस दाराशी. ज्येष्ठांचा फुकट बसपास मात्र तिथे राहणाऱ्यांना, पाहुण्यांना नाही. दर शनिवारी सकाळी नऊला बागेत पाच किलोमीटरचं पार्करन असतं, २००४ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, चालत गेलं तरी चालतं. साडू शेवटून दुसरे येतात आणि वेळ धुळ्याच्या ग्रुपवर टाकतात. तक्रार एकच, पाऊस. खानदेशी माणसाला पावसाची तक्रार करताना ऐकणं हेही नवलच.

कॅनडात आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षंही राहता येतं. राहता येतं म्हणून राहू नये, एवढंच माझं मत.

आणि धुळं

धुळ्यात अकरा ते चार काय करतो? मेमध्ये कूलरसमोर पडून राहतो, खोटं कशाला बोलू. पण एरवी आपला वेळ आपण घालवतच नाही, लोकच तो घेऊन जातात. लग्न, साखरपुडा, दहावा, कोणाच्या मुलीचं स्थळ, कोणाच्या सातबाऱ्याची भानगड. मास्तर आहेत म्हणून अर्ज लिहायला पोरं येतात. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चं, जुन्या कागदांचा एवढा ठेवा गावात असून मी नोकरीत असताना दोनदाच आत गेलो होतो. आता अधूनमधून जातो.

परदेशात बसून काय चुकतं तेही मोजा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चुकते, कानबाई चुकते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते आणि रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खायचा, त्यामुळे तो एडिसनला मांडून भागत नाही. आमच्याकडे रोटांचं धान्य घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात, परदेशातल्याच्या नावानेही. त्या वर्षी माझ्या आणि मुलाच्या नावाची मूठ धाकट्या भावाने घेतली, व्हिडिओवर दाखवली. मी "बरं, बरं" म्हणालो आणि वाचनालयात निघून गेलो.

सरांना मी काय सांगितलं

जायचंच तर अमेरिकेला मे ते ऑक्टोबर. इथला उन्हाळा चुकतो, तिथला मिळतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारण सहाच महिने देतात, तेवढे पुरे, खरं तर चार पुरे. परतायचं ऑक्टोबरात, कारण नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं, पण परदेशात बसून ते अडलं तर झोप उडते, मी अनुभवलंय. विमा काढताना आधीपासूनच्या आजारांबद्दल बारीक अक्षरात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. सरांना साखर आहे, पॉलिसी विकणारा "सगळं कव्हर आहे" म्हणतो, ते खरं धरू नका.

आणि मुलगा ज्या घरात राहतो तिथून पायी काय आहे, ते नकाशावर आधी बघा. सरांनी बघितलं. हायवे, पेट्रोल पंप आणि गोदाम. सरांनी चष्मा काढून पुसला.

मग दुबई आधी ठरली, साठ दिवसांची, डिसेंबर-जानेवारी. मुलाला सांगितलंय की पुढच्या मेपर्यंत घर बदलणार असशील तर येतो. काकूंनी लगेच यादी काढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ किती न्यावं? म्हटलं दोन किलो, पहिले पंधरा दिवस भागेल. औषधांच्या गोळ्या चिठ्ठीसकट, आणि झोपेच्या किंवा जास्त दुखण्याच्या गोळ्या असतील तर तिथे चालतात का हे आधी तपासून. मग त्यांनी काळ्या मसाल्याचा डबा दाखवला, यंदाचाच, घरी कुटलेला. मी विचारलं, यात खसखस आहे का? आहे म्हणाल्या, असतेच की. अमिरातीत खसखस म्हणजे अमली पदार्थात धरतात, विमानतळावर पकडले जाल, असं सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आता बिनखसखशीचा मसाला वेगळा कुटायचं चाललंय. आमच्या हिने पाट्यावर बसायचं कबूल केलंय.