बेळगावातील एका औषध-चाचणी केंद्राचा अनुभव: गर्भनिरोधाच्या अटी कशा समजावल्या

माझी धाकटी जाऊ आमवातावरील एका नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणार होती, म्हणून खानापूरहून बेळगावच्या एका रुग्णालयातील चाचणी केंद्रात आम्ही दोन वेळा गेलो. औषधाविषयी मी काही म्हणणार नाही. हे परीक्षण गर्भनिरोधाच्या अटी तेथे कशा समजावतात, एवढ्यापुरतेच आहे.

पहिल्या खेपेला माहितीपत्रक कन्नड आणि इंग्रजीतच मिळाले. सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी बंधनकारक असताना मराठी प्रतीसाठी आम्हाला पुन्हा बसभाडे खर्चून यावे लागले.

समुपदेशक बाईंचे बोलणे मात्र ऐकण्यासारखे होते. नव्या औषधाचा गर्भावर काय परिणाम होईल हे या टप्प्यावर पुरते ठाऊक नसते, म्हणून वर्षभरात शंभरांत एकीलाही दिवस जाण्याचा संभव नसावा इतका खात्रीचा उपाय येथे मागितला जातो. त्यात तांबी बसते, स्त्रीची किंवा नवऱ्याची नसबंदी बसते, नुसता निरोध बसत नाही. गोळ्या चालतात, पण चाचणीचे औषध त्यांचा असर कमी करत नसेल तरच. शेवटच्या मात्रेनंतरही ठरावीक काळ उपाय चालू ठेवायचा, हे त्यांनी दोनदा बजावले. तांबी जाऊच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिचा दोराही दाखवला. (नवऱ्याच्या नसबंदीचा उल्लेख झाला खरा, पण बाहेर बाकावर बसलेल्या दिरांना कोणी आत बोलावले नाही.)

मराठी प्रतीत ‘कायमस्वरूपी निर्बीजीकरण झाले आहे काय?’ असा प्रश्न होता. जाऊने ‘नाही’पुढे खूण केली, कारण आमच्याकडे त्याला सगळे नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात. बाई त्या खुणेवर विसंबल्या नाहीत. “अक्का, धाकट्याच्या वेळी ऑपरेशन केलंय काय?” असे विचारून त्यांनी तिच्याकडूनच दुरुस्ती करून घेतली.

समुपदेशनाला पाचपैकी चार, जागेला एक. पाळीची तारीख पडद्याआड विचारली जाते आणि ती पलीकडच्या रांगेतल्या पुरुषांनाही ऐकू जाते.

चाचणीमुळे पोटातल्या बाळाला इजा झाल्यास भरपाई मिळते, हा नियम माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. तो मी विचारल्यावरच वाचून दाखवला गेला. सही त्यानंतर झाली.