सर्फर: फुकट, देखणा आणि निम्मंच दाखवणारा

सर्फर हा समीकरण लिहिलं की त्याचा पृष्ठभाग काढून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट आहे, त्यामुळे 'पैसे वसूल' हा निकष इथे लागत नाही. वेळ वसूल होतो का, एवढंच विचारायचं. माझं उत्तर: होतो, पण शेजारी समजावून सांगणारं कुणीतरी हवं. एकट्याने वापरला तर हा प्रोग्रॅम मुलांच्या डोक्यात दोन-तीन चुकीच्या गोष्टी इतक्या सुंदर रंगांत बसवतो की नंतर त्या निघता निघत नाहीत.

मी एम.एस्सी.ला कॉम्प्लेक्स ॲनालिसिस शिकवते. या विषयात चित्रांचा दुष्काळच. फळ्यावर एक वर्तुळ, मधे एक फुली, आणि 'ही सिंग्युलॅरिटी' म्हणायचं. मुलं रेसिड्यू काढायला शिकतात, नेट-सेटला मार्क मिळवतात, आणि 'छेदात शून्य आलं की सिंग्युलॅरिटी' एवढंच घेऊन बाहेर पडतात. पुढे कुणी अ‍ॅनालिटिक जॉमेट्रीकडे वळलं, तीन व्हेरिएबलची समीकरणं आली, की तेवढंही पुरत नाही. तिथे छेद वगैरे काही नसतो. पृष्ठभाग असतो, आणि त्यावर एखादा असा बिंदू असतो की तिथे स्पर्शप्रतलच ठरत नाही. हे बघायला मिळावं म्हणून मी सर्फरकडे आले.

जर्मनीत २००८ हे 'गणित वर्ष' म्हणून साजरं झालं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाखच्या गणित संस्थेने त्यासाठी 'इमॅजिनरी' नावाचं फिरतं प्रदर्शन काढलं, आणि त्यात लोकांनी स्वतः हात लावून बघावं म्हणून सर्फर तयार झाला. त्याच्या मुळाशी 'सर्फ' नावाचा जुना प्रोग्रॅम आहे. तो श्टेफान एंड्रास यांचा. हे नाव लक्षात ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

वापरायला अगदी सोपा. वर चित्र, खाली समीकरणाची पट्टी. पट्टीत फक्त डावी बाजू लिहायची, 'बरोबर शून्य' गृहीतच आहे. (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं, मी इथे एक्स-वाय-झेड असं लिहिते आहे.) लिहिता लिहिता आकार उभा राहतो. माउसने फिरवा, झूम करा, आतला आणि बाहेरचा रंग वेगवेगळा निवडा, आवडला तर चित्र सेव्ह करा. पृष्ठभाग अनंतापर्यंत जाणारा असला तर एका अदृश्य गोलाच्या बाहेरचा भाग कापून टाकलेला असतो. फिरवताना चित्र जरा भरड होतं, हात थांबवला की सुबक होतं. आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या मशीनवर मोठ्या घातांकाची समीकरणं कण्हत-कुंथत येतात, पण येतात.

पहिल्या तासाला मी नेहमी एकच समीकरण देते: एक्स^२ + वाय^२ - झेड^२. दोन शंकू टोकाला टोक लावून उभे. मग त्यात स्लायडर घालायचा. समीकरणात ए हे अक्षर लिहिलं की स्लायडर आपोआप मिळतो. तो ० ते १ फिरतो, म्हणून उणे बाजूही मिळावी यासाठी शेवटी - (२*ए - १) असं जोडायचं. आता सरकवा. एका बाजूला मधे कंबर असलेला एकसंध आकार, बरोबर मधोमध शंकू, दुसऱ्या बाजूला समोरासमोर दोन सुट्या वाट्या. मुलांना हे आवडतं आणि बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. खरी गंमत याच्या पुढे आहे. आपण बघतोय ते फक्त रिअल बिंदू. कॉम्प्लेक्स बिंदूही धरले तर त्या पृष्ठभागात एक पुरता गोल दडलेला असतो, आणि सिंग्युलॅरिटीकडे जाताना तोच आकसत आकसत नाहीसा होतो. धन बाजूला एक्स, वाय रिअल आणि झेड इमॅजिनरी घ्या: समीकरण गोलाचंच होतं. स्क्रीनवर दिसणारी कंबर म्हणजे त्या गोलाचं विषुववृत्त. उणे बाजूला एक्स, वाय इमॅजिनरी आणि झेड रिअल घ्या: पुन्हा गोल, आणि दोन वाट्यांचे तळ हे त्याचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव. एकच गोल, एकदा त्याचं विषुववृत्त दिसतं, एकदा ध्रुव. बाकीचा गोल सर्फरला दिसत नाही. तो फळ्यावर तुम्हीच काढायचा.

असे किती स्वतंत्र गोल नाहीसे होतात, तो मिल्नर नंबर. शंकूसाठी तो १. याच आकड्यावर टाटा इन्स्टिट्यूटचे सी. पी. रामानुजम आणि ले डुंग ट्रांग यांचा १९७६ मध्ये छापून आलेला निबंध आहे: समीकरण हळूहळू बदलताना मिल्नर नंबर बदलला नाही, तर सिंग्युलॅरिटीचा टोपॉलॉजिकल प्रकारही (ताणून-वाकवून न बदलणारा आकार) बदलत नाही. त्यांची सिद्धता चालत नाही ती नेमकी पृष्ठभागांपुरती, म्हणजे सर्फर जे काढतो त्याच्यापुरती. योगायोग आहे, पण मला वर्गात सांगायला आवडतो.

प्रोग्रॅममध्ये तयार पृष्ठभागांच्या गॅलऱ्याही आहेत. त्यांपैकी 'फॅन्टसी' गॅलरी मुलं पाच मिनिटांत संपवतात. तिथलं लिंबू सगळ्यांना आवडतं: एक्स^२ + झेड^२ - वाय^३*(१-वाय)^३, दोन्ही टोकांना चोच. मला मात्र 'वर्ल्ड रेकॉर्ड' गॅलरीत रस. प्रश्न असा: अमुक घातांकाच्या पृष्ठभागावर जास्तीत जास्त किती शंकूसारख्या गाठी बसतील? तीन घातांकाला ४, चारला १६. पाचला ३१, आणि त्याहून जास्त शक्य नाहीत हे बोव्हिल यांनी १९८० मध्ये दाखवलं. सहाची कथा जास्त रंगतदार. सेव्हेरी यांनी १९४६ मध्ये ५२ ही मर्यादा सांगितली होती. पुढे वोल्फ बार्थ यांनी ६५ गाठींचा पृष्ठभाग समोर ठेवला, आणि ६६ होऊ शकत नाहीत हे जॅफी आणि रुबरमन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केलं. सातला ओलिव्हर लाब्स यांचा ९९ चा विक्रम आहे. आठला १६८, आणि तो कुणाचा, तर वरच्या त्याच एंड्रास यांचा. स्वतःचा पृष्ठभाग बघता यावा म्हणून माणूस प्रोग्रॅमही लिहितो, हे मला फार पटतं.

बार्थचा पृष्ठभाग मी मुलांना गाठी मोजायला देते. हुशार मुलं ५० वर येऊन अडकतात आणि पुन्हा मोजायला बसतात. मोजणी बरोबर असते. उरलेल्या १५ अनंतावरच्या प्रतलात आहेत, त्या कुठल्याही झूमला दिसणार नाहीत. पन्नासांतल्या २० एका डोडेकाहेड्रॉनच्या (बारा पंचकोनी बाजूंच्या ठोकळ्याच्या) कोपऱ्यांवर आणि ३० दुसऱ्या एकाच्या कडांच्या मध्यावर. हे समीकरण गॅलरीतून न घेता हाताने टाइप करा असं मी मुद्दाम सांगते. त्यात सुवर्ण गुणोत्तर आहे, १.६१८०३ वगैरे. कंटाळा करून १.६ वर भागवलं की (१,१,१) आणि तशा आठ कोपऱ्यांवर टोकाला टोक लागत नाही, मधे सरळ फट पडते. पण कडांच्या मध्यावरच्या ३० गाठी जागच्या जागी राहतात, कारण त्या दोन प्रतलं आणि एक गोल जिथे भेटतात तिथे आपोआपच होतात. कुठली गाठ बांधणीमुळे आली आणि कुठली आकडा नेमका जुळल्यामुळे, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातून इतकं लख्ख दाखवता आलं नसतं. एवढ्यासाठीसुद्धा हा प्रोग्रॅम डाउनलोड करावा.

आता तक्रारी.

पहिली: वर्गमुळाचा रीमान सरफेस, म्हणजे वर्गमुळाच्या दोन्ही किमती वेगवेगळ्या थरांत मांडणारा पृष्ठभाग. डब्ल्यूचा वर्ग बरोबर झीटा, आणि उंची म्हणून डब्ल्यूचा रिअल भाग घेतला तर सर्फरमध्ये लिहायचं समीकरण येतं ४*झेड^४ - ४*एक्स*झेड^२ - वाय^२. चित्र देखणं येतं, आणि उणे एक्स-अक्षावर दोन पडदे एकमेकांतून आरपार जाताना दिसतात. बघणारा म्हणणार, ही तर रेषाभर सिंग्युलॅरिटी! प्रत्यक्षात हा रीमान सरफेस पूर्ण गुळगुळीत आहे. चार मितींतली वस्तू तीन मितींत कोंबल्यामुळे ते छेद आले.

दुसरी तक्रार नेमकी उलटी. एक्स^२ + वाय^३ + झेड^५ लिहा. ही ई-८ सिंग्युलॅरिटी, या विषयातली सम्राज्ञीच म्हणा. कॉम्प्लेक्स बाजूने मूळबिंदूभोवती लहानसा गोल घेऊन छेद घेतला तर प्वांकारेचा होमॉलॉजी स्फिअर मिळतो (होमॉलॉजीच्या मापात गोलासारखा, पण गोल नसलेला), ज्याचा फंडामेंटल ग्रुप, म्हणजे त्यावरच्या बंद वाटांचा हिशेब ठेवणारा ग्रुप, १२० घटकांचा. मिल्नर नंबर ८. आणि सर्फरमध्ये? एक चुरगळलेला कागद. साहजिक आहे, कारण रिअल आकड्यांत वायचं घनमूळ सरळ काढता येतं, म्हणून टोपॉलॉजीच्या नजरेने तो साधं प्रतलच आहे. झेडचा घातांक ४ केला की ई-६, आणि तोही जवळजवळ तसाच दिसतो. एक्स^२ + वाय^२ + झेड^२ लिहिलं तर स्क्रीन कोरी राहते, जरी कॉम्प्लेक्समध्ये तो पहिल्या तासाचा शंकूच असला तरी. म्हणजे जिथे काही नाही तिथे हा सिंग्युलॅरिटी दाखवतो, आणि जिथे आहे तिथे गप्प बसतो. दोष प्रोग्रॅमचा नाही, रिअल चित्राचाच आहे. पण गॅलरीतल्या समजुतीच्या मजकुरात हे ठळकपणे सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट, तक्रार म्हणण्यापेक्षा मर्यादा. सर्फरला फक्त पॉलिनॉमियल कळतात. पोल (जिथे फंक्शन अनंताकडे जातं ते बिंदू) दाखवता येतात: झेड*(एक्स^२ + वाय^२) - १ लिहा, दुसऱ्या ऑर्डरच्या पोलच्या मॉड्युलसचं धुराडं मिळेल. इसेन्शियल सिंग्युलॅरिटी, जिच्याजवळ फंक्शन जवळजवळ प्रत्येक किंमत घेतं, ती मात्र इथे येणारच नाही. हेच सांगणारं पिकार्डचं प्रमेय शिकवायला रंगांनी आर्ग्युमेंट (कॉम्प्लेक्स आकड्याचा कोन) दाखवणारं दुसरं काहीतरी वापरा. ब्लो-अप करून (बिंदू फुगवून, उलगडून) सिंग्युलॅरिटी सोडवून दाखवण्याचीही सोय नाही. हिरोनाका यांनी १९६४ मध्ये कॅरॅक्टरिस्टिक शून्यात (रिअल, कॉम्प्लेक्ससारख्या नेहमीच्या आकड्यांत) जे सगळ्या मितींसाठी केलं, त्याचं दोन पायऱ्यांचं प्रात्यक्षिक असतं तरी मी खूश झाले असते. आपले श्रीराम अभ्यंकर तर कॅरॅक्टरिस्टिक पी मधल्या (जिथे १ पी वेळा मिळवला की शून्य येतं) पृष्ठभागांच्या सिंग्युलॅरिटी १९५६ मध्येच सोडवून बसले होते, आणि तिथे चित्र काढण्याची सोयच नसते! पुण्यात त्यांनी सुरू केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचं नाव माहीत असलेली मुलंसुद्धा त्यांचं नेमकं काम विचारलं की माझ्याकडे बघत बसतात.

कुणी घ्यावा? बारावीच्या मुलांनी खेळायला जरूर. एम.एस्सी.च्या शिक्षकांनी नक्की, पण प्रोजेक्टरइतकाच फळाही मोकळा ठेवून. संशोधनासाठी नको, तिथे गणितं करणारी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. पाचपैकी चार तारे देते. पाचवा ई-८ च्या चुरगळलेल्या कागदापायी कापला.

एक उपाय मात्र सांगून ठेवते, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो. व्हिटनीची छत्री, एक्स^२ - वाय^२*झेड, काढली की वरचं कापड येतं आणि खालची दांडी गायब असते. दांडी म्हणजे झेड-अक्षाचा खालचा अर्धा भाग. तो समीकरणात बसतो, पण रेषेला जाडी नसल्यामुळे प्रोग्रॅमच्या किरणांना सापडत नाही. सगळं समीकरण कंसात घाला आणि (एक्स^२ + वाय^२ - ०.००१) ने गुणा. अक्षाभोवती बारीक नळी येते, आणि छत्रीला दांडी मिळते. नळी जाड वाटली तर आणखी एक शून्य वाढवा. दोन वाढवलीत तर प्रोजेक्टरवर मागच्या बाकावरून दिसत नाही.