बुर्जीची गाडी: अंडी महाग, पण माणूस सरळ

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत संध्याकाळी सातनंतर लागते ही गाडी, नाव वगैरे काही नाही, फक्त एक पाटी आहे, "एक्स्ट्रा कांदा फुकट. एक्स्ट्रा अंड्याबद्दल बोलू नये." पुण्यात आहोत त्यामुळे कोणी मनाला लावून घेत नाही.

तर डिसेंबर 2025 मध्ये अंड्याने जी मान वर काढली, दुकानात नगाला 8 रुपये झाले, डझन आणायला गेलं की शंभराची नोट जवळपास जायचीच. थंडीत मागणी वाढते हे दरवर्षीचंच, त्यात महाराष्ट्रात खपाच्या मानाने अंडी होतात कमी, बाकीची ट्रकने तेलंगणा-कर्नाटकातून येणार. श्रावणात कोणी विचारत नाही तेव्हा हीच अंडी गपगुमान असतात, मार्गशीर्षाचे गुरुवार संपले की यांचा रुबाब बघा. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' म्हणणाऱ्या एनईसीसीवाल्यांनी (अंडी उत्पादकांची संघटना) आता वार कमी करून द्यावेत, मंगळवार-बुधवार आम्ही पोह्यावर काढू.

आता मुद्द्याचं. अंडी महागली की बुर्जीवाले काय करतात माहितीये ना? रेट तोच ठेवतात आणि तव्यावर कांदा-टोमॅटोचा डोंगर. आमच्या ऑफिसजवळ एक आहे (नाव नको), त्याच्याकडे तीन अंड्यांच्या बुर्जीत अंडं शोधायला पंचनामा करावा लागतो, वरून हळद अशी मारतो की सगळंच पिवळं दिसावं. हा आपला गाडीवाला तसलं करत नाही, त्याने सरळ 90 चे 110 केले आणि तोंडावर सांगितलं, दादा रेट वाढलाय, पटलं तर घ्या. मला हे आवडलं बुवा. 20 रुपये जास्त घे पण अंडं दिसू दे.

आणि दिसतं ना! समोर उभं राहून बघा, एका हाताने तव्याच्या कडेवर टकटक फोडतो, मग टरफलाच्या आतून अंगठा फिरवून चिकटलेला पांढरा भाग पण पुसून घेतो, आधी सरळ डब्यात भिरकवायचा. मिरची मोठी चिरलेली, कोथिंबीर सढळ, बुर्जी किंचित ओली असतानाच उतरवतो, कोरडीठाक भुगा नाही. आणि मग त्याच तव्यावर राहिलेल्या मसाल्यात पाव दाबून देतो तो भाग खरा, त्यासाठी मी 110 पण देईन.

तक्रारी आहेत. बसायला जागा नाही, पार्किंग विसरा, लिंबाची फोड इतकी बारीक की बी सुद्धा मावत नाही. हाफ फ्राय घेऊ नका, घाईत पिवळा फोडतो आणि मग "तसाच खातात काका" म्हणतो. चार स्टार.

दहाच्या आत जा. आता ट्रे मोजूनच आणतो, लवकर संपतात, आणि संपले की गडी शांतपणे टोमॅटो ऑम्लेट पुढे करतो, म्हणजे आपलं बेसनाचं. तेही 60 ला!