लांबी (पुट्टी) आणि जेलकोटच्या आड: जुन्या फायबर बोटीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

जुनी फायबरची मासेमारीची बोट घ्यावी, डागडुजी करून ती उभी करावी आणि तिच्यावर चांगले आऊटबोर्ड इंजिन चढवावे, असा बेत अनेकांच्या मनात असतो. माझ्याही होता. त्या बेतात मी कसा फसलो ते येथे क्रमाने लिहीत आहे. कारागिराचे नाव देत नाही, कारण तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे. त्याने वापरलेली रीत मात्र तपशिलाने सांगतो, कारण ती नवख्या माणसाच्या सहज लक्षात येण्यासारखी नाही आणि मलाही ती आठ महिन्यांनी, तीही योगायोगानेच, कळली.

बोट १८ फुटांची होती. तिचा सांगाडा सरळ होता आणि तळाला कुठे मोठी इजा नव्हती. जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थरावर, कोळिष्टकासारख्या बारीक चिरा आणि उन्हाने उडालेला रंग, एवढेच वरवरचे दोष होते. पण मागच्या बाजूला डेकवर पाय दिला की तो किंचित दबत असे, आणि जुने इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर अंगाचा भार टाकला की ट्रान्सम डोळ्यांना दिसेल इतका हलत असे. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर सगळे इंजिन टांगलेले असते. बाहेरून ती अखंड फायबरची वाटते, पण जुन्या बोटींत बहुधा फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुडचा सुमारे दीड इंच जाडीचा गाभा असतो. इंजिनाचे बोल्ट, पाणी सोडण्याचे भोक, शिडीचे स्क्रू अशा प्रत्येक छिद्रातले सीलंट जुने झाले की तेथून पाणी आत शिरते, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि लाकूड आतल्या आत कुजत राहते. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशयाने म्हणतो; येथे ते शब्दशः मुरत होते. तळातून लांबवर जाणाऱ्या लाकडी गाभ्याच्या स्ट्रिंगरची (तळाला ताठपणा देणाऱ्या तुळयांची) आणि डेकखाली भरलेल्या फोमचीही अशा बोटींत हीच गत होते. बोट विकणाऱ्याने यांतले काहीही लपवले नव्हते, त्यामुळे त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

फसवले ते दुरुस्ती करणाऱ्याने. ट्रान्समचा सगळा गाभा काढून त्या जागी पाण्यात टिकणारा मरीन प्लाय बसवायचा, तो इपॉक्सी या घट्ट होऊन पक्क्या चिकटणाऱ्या रेझिनने चिकटवायचा, कुजलेले स्ट्रिंगर बदलायचे, पाणी प्यायलेला फोम उपसून नवा भरायचा आणि शेवटी ६० अश्वशक्तीचे, अवघे २१० तास चाललेले फोरस्ट्रोक इंजिन बसवायचे, असे आमचे ठरले. अर्धी रक्कम आगाऊ, पाव रक्कम ट्रान्सम उघडल्याची आणि नवा गाभा बसवल्याची छायाचित्रे आल्यावर, आणि उरलेली ताबा घेताना. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटली होती. त्याची कार्यशाळा नीटनेटकी होती, हत्यारे जागच्या जागी टांगलेली होती, आणि मी नीटनेटकेपणाला भाळणारा माणूस आहे.

छायाचित्रे वेळेवर आली. बाहेरचा थर कापून काढलेला ट्रान्सम, खरवडलेले काळे लाकूड, शिकंज्यांत आवळलेला नवा प्लाय, असे सगळे त्यांत होते. मी ती घरच्यांना कौतुकाने दाखवली आणि पुढचा हप्ता देऊन टाकला. माझ्या बोटीत पाणी सोडण्याचे भोक मधोमध नसून उजवीकडे सुमारे सहा इंच सरकलेले आहे. छायाचित्रांतल्या ट्रान्समला ते अगदी मधोमध होते. ही गोष्ट इतके महिने त्या चित्रांत माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मला दिसली नाही, याचा राग मला कारागिराइतकाच स्वतःचाही येतो. आज सांगायचे तर, काम चालू असताना तेथे जाऊन, आपल्याच बोटीची ओळखीची एखादी खूण चौकटीत घेऊन, आपल्याच हाताने काढलेले नसेल तर त्या छायाचित्राला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही.

मध्ये एकदा मी न कळवता कार्यशाळेत गेलो होतो. बोटीच्या मागच्या भागावर ताडपत्री होती आणि हवेत डोके जड करणारा उग्र वास भरला होता. ‘आजच रेझिन लावले आहे साहेब, चोवीस तास हात लावता येणार नाही,’ असे त्याने सांगितले आणि मी बाहेरूनच परतलो. तो वास स्टायरीनचा होता, आणि स्टायरीन पॉलिएस्टर रेझिनमध्ये असते. इपॉक्सीला असा वास येत नाही. आलाच तर किंचित अमोनियासारखा येतो. म्हणजे बोलण्यात इपॉक्सी आणि डब्यात पॉलिएस्टर, हे त्या दिवशी माझ्या नाकाला समजले होते, पण मला कळले नव्हते. पॉलिएस्टर हा काही वाईट पदार्थ नाही, कारण मुळात बहुतेक फायबर बोटी त्याच्याच घडवलेल्या असतात. पण जुन्या थरांवर आणि लाकडावर चिकटून राहण्याची त्याची ताकद इपॉक्सीपेक्षा बरीच कमी असते, आणि दमट लाकडावर तर ते धड धरतच नाही. किमतीतला फरकही मोठा असतो, आणि तो कोणाच्या खिशात गेला ते उघड आहे.

ताबा घेण्याच्या दिवशी त्याने जे केले ते आठवले की अजूनही त्याच्या धिटाईचे नवल वाटते. मी काही विचारण्याआधीच त्याने ड्रिल उचलले, ट्रान्समच्या वरच्या कडेपासून चार बोटे खाली आतल्या बाजूने बारीक भोक पाडले, आणि सुईवर आलेला भुसा माझ्या तळहातावर ठेवला. भुसा पिवळसर, कोरडा आणि कुरकुरीत होता. ‘बघून घ्या, नंतर म्हणाल दाखवले नाही,’ असे म्हणून त्याने ते भोक माझ्यादेखत बुजवले. मग नळीला जोडलेले रबरी कान इंजिनाच्या पाणी घेण्याच्या जागेवर लावून त्याने इंजिन जमिनीवरच सुरू करून दाखवले. ते सुरेख चालले. भार नसलेले इंजिन बहुधा सुरेखच चालते. पाण्यात, पंख्यावर वजन आल्यावर आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच त्याचा खरा कस लागतो. पाण्यातली चाचणी ‘बॅटरी नवी आहे, आज पूर्ण चार्ज नाही’ या कारणाने राहून गेली, आणि उरलेली रक्कम मी तेथेच मोजली.

पाण्यात उतरल्यावर पहिली शंका इंजिनाबद्दल आली. पुस्तिकेप्रमाणे पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५००० ते ६००० फेरे मिळायला हवे होते, पण काटा ४३००च्या पुढे सरकत नव्हता. कारागिराने फोनवर निदान केले की पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकेल ते माप) जास्त आहे, आणि दोन इंच कमी पिचचा पंखा त्याने मला वेगळे पैसे घेऊन दिला. पिच एक इंचाने कमी केला तर साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, म्हणजे दोन इंचांनी फार तर ४००. एवढे साधे गणित मी तेव्हा मांडले असते तर नव्या पंख्यानेही किमान आकडा गाठला जाणार नाही, हे कळले असते. पंखा बदलल्यावर काटा ४६००पर्यंत गेला. ‘आता इंजिन मोकळे होईल हळूहळू,’ असे तो म्हणाला, आणि मी त्यावरही विश्वास ठेवला.

लाकडाचे गुपित मासे शोधण्याच्या यंत्रामुळे फुटले. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग, ट्रान्समवर अगदी खाली, तळाच्या रेषेजवळ लावावा लागतो, म्हणून स्क्रूसाठी मी स्वतः भोक पाडायला घेतले. बोट दहा दिवस ट्रेलरवर कोरडी उभी होती. पहिला पाव इंच फायबर कापताना ड्रिल नेहमीसारखे ओरडले आणि मग एकदम, लोण्यात गेल्यासारखे, निःशब्द आत शिरले. सुई बाहेर काढली तेव्हा तिच्यावर चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा होता, आणि भोकातून गंजाच्या रंगाचे पाणी थेंबाथेंबाने गळू लागले. त्याला कुबट वास होता. मी खाली वाटी ठेवली. सकाळी ती काठोकाठ भरलेली होती.

त्यानंतर प्लास्टिकच्या हातोडीने सगळा ट्रान्सम ठोकून पाहिला. वरच्या सहा-सात इंचांत टणक, खणखणीत आवाज येत होता आणि त्याखाली ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा बद्द. दुसऱ्या एका कारागिराकडून आतला थर कापून घेतला तेव्हा सगळा उलगडा झाला. इंजिनाचे वरचे बोल्ट जेथे येतात आणि जेथे कोणीही तपासणीचे भोक पाडील, तेवढीच वरची पट्टी कापून नवा प्लाय बसवला होता. त्याखालचे कुजके लाकूड जागच्या जागी होते, दोघांमधली फट लांबीने भरली होती, आणि वरून काचतंतूंच्या मॅटचा एक थर व जेलकोट मारून सगळे आरशासारखे केले होते. तो नवा थर आम्ही पटाशीने उचलला तर चादरीसारखा सलग निघून आला. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, यापेक्षा नेमके वर्णन मला सुचत नाही. त्या भिंतीवर शंभर किलोंहून जास्त वजनाचे इंजिन लटकवून मी मुलाला घेऊन किनारा दिसेनासा होईपर्यंत गेलो होतो, हा विचार त्या दिवशी मला बराच वेळ सोडत नव्हता.

स्ट्रिंगरना हात लावलेलाच नव्हता. फोमचेही तेच, आणि तो पुरावा तर माझ्या कपाटात होता: दुरुस्तीआधी बोट नेताना ट्रेलरसह वजनकाट्यावर केलेल्या वजनाची पावती. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलोचे असते, त्यामुळे भिजलेला फोम काढला तर वजनात मोठी घट दिसायलाच हवी. मी इंजिन उतरवून, पहिल्या वेळेसारखीच रिकामी करून, बोट पुन्हा काट्यावर नेली. वजन जवळजवळ तेवढेच भरले. वायरिंगमध्ये कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेऐवजी मोटारीची साधी तार होती. एवढ्या गोष्टींपुढे तिचे काही वाटले नाही.

इंजिन मग एका तिसऱ्याच मेकॅनिककडे दिले. त्याने ते गरम करून, सगळे स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असू नये. येथे तिसरा इतरांपेक्षा तीस टक्क्यांनी कमी होता. गिअरचे तेल दुधाळ निघाले, म्हणजे सीलमधून पाणी आत जात होते. संगणक जोडल्यावर चाललेले तास निघाले १९००च्या वर, आणि मूळ इंजिन ४० अश्वशक्तीचे. यातली मेख अशी की काही कंपन्या एकाच ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या एकाच ओतीव धडावर, ४०, ५० आणि ६० अश्वशक्तीची इंजिने बनवतात, त्यामुळे झाकण ६०चे चढवले की नुसत्या नजरेला फरक कळणे कठीण. ब्रॅकेटवरची क्रमांकाची पट्टीही ६०च्या दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनाची होती. मेकॅनिकने मला जवळ बोलावून तिचे रिव्हेट दाखवले: ब्रॅकेटच्या कोपऱ्यांत खाऱ्या पाण्याची पांढरी भुकटी धरलेली आणि रिव्हेटची डोकी मात्र कोरी, चकचकीत. ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ती पट्टी जुळत नव्हती. ही जुळणी करायला पाच मिनिटे लागतात. इंजिन घेताना मी ती पाच मिनिटे त्याच्या रंगाची तारीफ करण्यात घालवली होती.

मी हे सगळे घेऊन त्या कारागिराकडे गेलो तेव्हा तो चिडला नाही, उलट त्याने मला खुर्ची दिली. लाकूड आहे, पाण्यात राहिले की खराब होणारच. तुम्हीच खाली भोक पाडून पाणी आत घेतलेत. इंजिन मी ज्याच्याकडून घेतले त्याने मला सांगितले तेच मी तुम्हाला सांगितले, अशी त्याची उत्तरे तयार होती. बिल काढून पाहिले तर त्यात ‘ट्रान्सम व तळ दुरुस्ती, एकूण’ अशी एकच ओळ आणि ‘जुने इंजिन, बसवणीसह’ अशी दुसरी. प्लायची प्रत नाही, रेझिनचा प्रकार नाही, इंजिनाचा क्रमांक नाही, अश्वशक्तीसुद्धा नाही. तोंडी ठरलेले सगळे तोंडीच राहिले होते. तक्रारीत माझ्या बाजूने खरे बोलतात ते छायाचित्रांतले मधोमध असलेले भोक, वजनाच्या दोन पावत्या आणि संगणकाचा छापील अहवाल.

ट्रान्सम आता दुसऱ्या कारागिराने नव्याने केला आहे. त्याच्याशी लेखी ठरले होते की गाभा बसवल्यावर आणि त्यावर पहिला थर चढवण्याआधी मी येऊन पाहिल्याशिवाय काम पुढे जाणार नाही, आणि पुढचा हप्ताही तेव्हाच मिळेल. त्याप्रमाणे त्याने मला बोलावले. मी वरच्या कडेपासून तळापर्यंत हात फिरवून, गाभ्याची जाडी मोजून पाहिली. पहिल्या कारागिराने तक्रारीला दिलेल्या लेखी उत्तरात म्हटले आहे की बोट त्याच्याकडून गेली तेव्हा पूर्ण कोरडी होती व त्याची खात्री ग्राहकाने स्वतःच्या हाताने करून घेतली होती. ते खरेच आहे. तो पिवळसर भुसा मी माझ्या तळहातावर घेतला होता. खालच्या भोकातला लगदा झाकणाच्या डब्यात ठेवला असून पुढच्या सुनावणीला तो घेऊन जाणार आहे.