पॅनिक अटॅकसाठी ऑक्सिमीटर घ्यावा का?

करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेले हे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी मोजायचे यंत्र आमच्याकडे मात्र यजमानांना पॅनिक अटॅक येऊ लागल्यावर, सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका औषध दुकानातून आले. हजार-बाराशे रुपयांचे, दोन सेलवर चालणारे साधे मॉडेल आहे. यंत्र म्हणून त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही. आमच्यासारख्या कारणासाठी ते घ्यावे का, एवढाच प्रश्न आहे.

यजमान अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. छातीत धडधड, दम कोंडणे, दरदरून घाम, बोटांना मुंग्या आणि आता आपले काही खरे नाही ही खात्री, हे सारे सोलापूरच्या मे महिन्यात एकदम अंगावर आले की घरातले कोणी पित्त म्हणते, कोणी ऊन लागले म्हणते. ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून झाल्यावरच डॉक्टरांनी पॅनिक अटॅकचे निदान केले, आणि हा क्रम कोणीही उलटा करू नये.

झटका आलेला असताना भीतीने हात गार पडतात आणि बोटांतला रक्तप्रवाह मंदावतो, त्यामुळे पडद्यावर काही वेळ आकड्याऐवजी नुसत्या दोन रेघा दिसतात. नेमका तेवढा वेळ त्या माणसाला काढवत नाही. मग ९९ उमटतो. श्वास पुरत नसताना ऑक्सिजन इतका कसा, असे यजमान पुन्हा पुन्हा विचारत. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर, मुंग्या त्यामुळे येतात. ऑक्सिजन कमी झालेला नसतो, आणि कार्बन डायऑक्साइड तर हे यंत्र मोजतच नाही. एवढे उमजण्यापुरता त्याचा आम्हाला खरोखर उपयोग झाला.

मात्र हृदयविकाराच्या झटक्यातही ऑक्सिजन ९८ दिसू शकतो. छातीवर दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, किंवा श्रम करताना दुखू लागले, तर यंत्र शोधत न बसता १०८ ला फोन करावा.

दुसरी अडचण नाडीच्या आकड्याची. १३० दिसले की धास्तीने तो आणखी चढतो. पुढे यजमान यंत्र खिशात घालून कारखान्यात नेऊ लागले. जिना चढला, चहा घेतला, की बोट आत. अशा तपासण्यांनी भीतीलाच खतपाणी मिळते, असे सांगून मानसोपचारतज्ज्ञांनी ते कपाटात ठेवायला लावले. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि आपणहून उतरतो. यंत्र लावलेले असले की उतरण्याचे श्रेय फुकट त्याला मिळते. गुण आला तो समुपदेशनातून, म्हणजे धडधड झाली तरी पळ न काढता सावकाश श्वास सोडत थांबण्याच्या सरावातून, आणि परिणाम दिसायला काही आठवडे घेणाऱ्या गोळ्यांमधून. ज्यांना दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते. ती मराठीबरोबर तेलुगू व कन्नडमध्येही असल्याने सोलापूरच्या पूर्व भागातल्या या भाषा बोलणाऱ्या घरांना विशेष सोयीची आहे.

तेव्हा केवळ पॅनिक अटॅकसाठी हे यंत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. आमचे यंत्र आता सासूबाईंच्या दम्यासाठी, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वापरात आहे आणि तिथे त्याचे पैसे वसूल होतात.